थेटराच्या पाठचं घर

आमच्या घराच्या तीन भिंती आमच्या आहेत आणि चौथी थेटराची. आमच्या तीन विटांच्या, नऊ इंची. चौथी जांभ्याची, सव्वादोन फूट जाड. मी एका इंजिनिअरच्या कचेरीत नकाशे काढतो, त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी भिंतीची जाडी बघतो. लग्नाला गेलो तर लोक पंगत बघतात, मी तुळया बघतो. बायको म्हणते, "यांना स्वर्गात नेलं तरी हे आधी खिशातून टेप काढतील."

रत्नागिरीत आता नवं नाट्यगृहही आहे. आमचं ते जुनं, आणि त्याला कुणी नाट्यगृह म्हणत नाही. दर्शनी भिंतीवर नाव कोरलेलं आहे, पण रिक्षावाल्याला ते नाव सांगितलं तर तो विचारतो, "म्हणजे थेटर ना?" त्या थेटराच्या बरोबर पाठीमागे आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ते घर थेटर चालवणाऱ्या संस्थेचं आहे. ज्याच्याकडे थेटराची चावी, त्याने या घरात राहायचं आणि जो या घरात राहील, त्याने चावी सांभाळायची. भाडं नाही, पगार नाही, कागद नाही. वडिलांनी सांभाळली, त्यांच्यानंतर मी.

लग्न होऊन आली तेव्हा बायकोने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मग हे सोडायचं कसं?"

मला प्रश्नच कळला नव्हता. तिचं बालपण अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीत गेलं. तिथे घरांना नंबर होते. नोकरी संपली, बदली झाली, की सामान बांधायचं आणि चावी कचेरीत द्यायची. घर नोकरीपुरतं असतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. मला ठाऊक नव्हतं.

गेली काही वर्षं ती दापोलीला विद्यापीठाच्या कचेरीत आहे. मुलगीही तिथेच शिकते. दापोलीला दोघींनी मिळून छोटं घर उभं केलंय. दापोलीला रेल्वे नाही, म्हणून बायको दर शनिवारी एस.टी.ने येते आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जाते. माझं काम आता संगणकावर चालतं. साहेब म्हणाले, "नकाशे तुम्ही दापोलीतून पाठवा नाहीतर दुबईतून पाठवा, मला काय?" म्हणजे मला इथे अडकवून ठेवणारी एकच गोष्ट उरली होती, चावी. ती मी यंदा दसऱ्याला सोडणार होतो. तसा शब्द मी बायकोला दिला होता.

चावी सोडणं इतकं अवघड का, हे कळायला थेटर कसं झालं ते सांगायला हवं.

हे थेटर बांधलेलं कमी आणि खोदलेलं जास्त आहे. पूर्वी इथे कातळाचा एक उंचवटा होता. नाटकमंडळ्या बोटीने बंदरात उतरायच्या आणि त्यांना खेळ लावायला जागा नसायची. गावातल्या काही मंडळींनी तो उंचवटा मधोमध कापायला घेतला. अर्धा तसाच ठेवला, तो रंगमंच झाला. उरलेला अर्धा खोदून काढला, तिथे प्रेक्षक बसायला लागले. खोदताना निघालेले जांभ्याचे चिरे बाजूला रचून ठेवले आणि पुढे भिंती त्याच चिऱ्यांच्या झाल्या. त्यामुळे बाहेरून कुठला दगड आणला असं या इमारतीत फारसं काही नाही. रंगमंच तर कुणी बांधलाच नाही, त्याच्यापुढचा कातळ काढून टाकला एवढंच. नाचणाऱ्याने कितीही जोरात पाय आपटला तरी तिथे फळी वाजत नाही. बाहेरगावचे नट पहिल्या दिवशी बिचकतात. त्यांना आपलं पाऊल ऐकू येत नाही.

भिंती फार उशिरा आल्या. आधी दिवाळीनंतर माडाच्या झापांचा मांडव पडायचा आणि मृगाआधी उतरवला जायचा. मग छप्पर झालं. मधे एकही खांब न ठेवता छत्तीस फूट रुंदी पेलायची होती आणि तेवढ्या रुंदीचं घर इथल्या सुतारांनी कधी बांधलेलं नव्हतं. शेवटी खाडीवर गलबतं बांधणारे कारागीर बोलावले. ज्या मुसलमान कुटुंबाची गलबतं मलबारहून लाकूड आणायची त्यांनीच साग दिला. कारागिरांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. खाली उभं राहून वर बघितलं की उलटं घातलेलं गलबत दिसतं. तशाच वाकलेल्या फासळ्या, मधे तसाच कणा. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं म्हणून सगळ्या जोडांना लाकडी मेखा मारल्या आहेत. त्या कुटुंबातले चाचा आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. मला बघितलं की म्हणतात, "आमचा एक गलबत कमी झाला, तो तुमच्या डोक्यावर हाय. जपा हां."

छप्पर झाल्यावर पश्चिमेची भिंत आली, वाऱ्यासाठी. पूर्वेची आली ती फुकट्यांसाठी, म्हणजे बाहेरच्या आंब्यावर चढून नाटक बघणाऱ्यांसाठी. दोन्ही भिंतींना माणूस उभा राहील एवढ्या उंच खिडक्या होत्या. मग सिनेमाचे दिवस आले, अंधार हवा झाला आणि एकेक खिडकी चिऱ्यांनी बंद झाली. त्याच काळात पुढे सिमेंटची दर्शनी भिंत चढली. वर पायऱ्यापायऱ्यांचा मुकुट आणि मधोमध घड्याळासाठी गोल भोक. घड्याळ कधी बसलं नाही, तिथे पारवे राहतात. सिनेमा गेला, नाटकं परत आली, पण खिडक्या कुणी उघडल्या नाहीत. सगळ्यात शेवटी मागची बाजू बंद झाली. रंगमंचामागे आधी मोकळं अंगण होतं, नट तिथे रंग धुवायचे. त्या अंगणात संस्थेने राखणदारासाठी घर बांधलं, ते आमचं. रंगमंचाचं मागचं दार आता थेट आमच्या स्वयंपाकघरात उघडतं.

थेटराचा मूळ नकाशा कधी नव्हता. पहिला नकाशा मी काढला. त्यात दारं-खिडक्या धरून एकवीस उघडझाप होतील अशा जागा भरल्या. आज त्यातल्या तीन उघडतात. समोरचं दार, पूर्वेचं एक, आणि आमच्या स्वयंपाकघरातलं.

आता मुख्य अडचण. खोदून केलेलं प्रेक्षागृह रस्त्यापेक्षा चार फूट खाली आहे. पावसाळ्यात जांभा आतून पाझरतो आणि हे सगळं पाणी पहिल्या रांगेपुढे उतरतं. तिथे कातळात एक पाट कोरलेला आहे. तो पूर्वेच्या भिंतीखालून बाहेर जातो आणि त्याचं तोंड जेमतेम कोपरापर्यंत हात जाईल एवढं. त्या तोंडात माती, पानं, पारव्यांची पिसं अडकतात. ते रोज मोकळं करावं लागतं. एक दिवस चुकलं तर पहिल्या रांगेच्या खुर्च्यांचे पाय पाण्यात. चार दिवस चुकलं तर ती विहीर. वडील एकदा पावसात, लांब पंढरीला नव्हे, नुसते जवळ सावर्ड्याला मुंजीला गेले आणि मुक्काम वाढला, तेव्हा तिसऱ्या रांगेपर्यंत पाणी चढलं होतं. त्यानंतर ते पावसाळ्यात कुठेच गेले नाहीत. मीही नाही. माझ्या सख्ख्या मेहुण्याचं लग्न जुलैत झालं, त्याचे मी फोटो बघितले.

पावसाळा संपला की खेळ सुरू होतात आणि मग वेगळ्या तऱ्हेने अडकायला होतं. आमच्या घराचं पुढचं दार ज्या गल्लीत उघडतं ती सात फूट रुंद आहे. प्रयोग असला की प्रेक्षक त्या गल्लीत स्कूटर लावतात. एकीला एक टेकवून, शेवटची आमच्या दाराला. तिसरी घंटा झाली की आम्ही आत ते आत. दूध संपलं तर मध्यंतरापर्यंत संपलेलंच राहतं.

गेल्या हंगामातला एक शनिवार मला विसरता येत नाही. बायको दापोलीहून आली तेव्हा प्रयोग चालू होता आणि गल्ली स्कूटरनी भरलेली. दोन पिशव्या घेऊन ती समोर गेली. दारावरच्या माणसाने तिला ओळखलं, पण त्याला चेष्टेची हुक्की आली.

"वहिनी, तिकीट?"

"अहो, मला घरी जायचंय."

"सगळे असंच म्हणतात."

"माझी डाळ शिजायची आहे अजून. सोडा मला."

"मग असं करा, विंगेतून जावा. पण चपला हातात घ्या. राजा मरतोय."

ती चपला हातात घेऊन, पिशव्या काखेत मारून, विंगेतून मागच्या पडद्याआडून निघाली. पडदा पातळ होता आणि मागे दिवा होता. रंगमंचावर राजा शेवटचं बोलत होता आणि त्याच्या मागून एका बाईची, दोन पिशव्यांसकट, सावली सावकाश चालत गेली. प्रेक्षागृहातून कुणीतरी ओरडलं, "आली रे, धाकटी राणी बाजार करून आली!" राजा मरायचा थांबला. मी स्वयंपाकघरात होतो. भिंतीपलीकडे अख्खं थेटर हसत असताना ते दार उघडलं आणि बायको आत आली. पिशव्या खाली ठेवल्या, चपला कोपऱ्यात ठेवल्या.

"हे घर आहे की विंग?" ती म्हणाली.

मी हसलो. ती हसत नव्हती.

"यंदाचा दसरा शेवटचा," ती म्हणाली. "त्यानंतर मी शनिवारी येणार नाही. तुम्ही कायमचे तिकडे या. नाहीतर तसं सांगा, म्हणजे मी वाट बघणार नाही."

मी म्हटलं, "येतो."

दुसऱ्याच दिवशी मी संस्थेच्या अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष आंब्याचे व्यापारी आहेत, स्वभावाने गोड. त्यांनी आजवर कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही आणि कुणाचं काम केलेलंही बघितलं नाही. "तुमचा शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "फक्त हंगाम संपू दे." हंगाम संपला. "आता आंबा चालू आहे हो, श्वास घ्यायला फुरसत नाही." आंबा संपला, पाऊस सुरू झाला. पावसात चावी कोण घेणार? मी रोज पाट साफ करत राहिलो. "गणपती होऊ देत." गणपती झाले. "आता कसं, दसऱ्याला थेटर उघडायचं, तेव्हा चार लोकांसमोर चावी नव्या माणसाच्या हातात देऊ. रीतसर. माणूस मी बघून ठेवलाय."

दसऱ्याला थेटर उघडायची आमची एक पद्धत आहे. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात कातळाचा एक तुकडा मूळचाच सोडलेला आहे, त्याला शेंदूर लावतात. तीच रंगदेवता. पावसात बंद असलेलं थेटर उघडलं की तिथे नारळ ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं घालायचा मान एका घराकडे आहे. आज तो मान असलेले काका आतल्या एका गावात भात लावतात. तरुणपणी ते याच रंगमंचावर खलनायक करायचे. माईक न घेता त्यांचा आवाज अजून शेवटच्या रांगेच्या मागे जातो.

कोकणात वाढलेल्या माणसाला गाऱ्हाणं समजावून सांगावं लागत नाही. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. शेताला नांगर लावताना, घराचा पाया काढताना, होडी पाण्यात लोटताना. समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं तोंड उघडतं. आईच्या कडेवर असल्यापासून ते तोंडात बसलेलं असतं.

त्या सकाळी पंधरा-वीस माणसं होती. बायको मुद्दाम रजा घेऊन आली होती. चावी दिलेली तिला डोळ्यांनी बघायची होती. ती माझ्या शेजारी उभी राहिली. अध्यक्षांनी बघून ठेवलेला माणूस मात्र दिसत नव्हता. मी विचारलं तर ते म्हणाले, "येतोय, येतोय. आधी देवाचं होऊ दे."

काकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज दसऱ्याच्या दिवशी ही तुझी सगळी लेकरं तुझ्या पायाशी जमल्येत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पावसापाण्यात तू ह्या जागेला सांभाळलंस, तशीच पुढं सांभाळ. कुणाचं काय चुकलं-माकलं असंल तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि ज्या घरानं ही चावी राखली, पाट मोकला केला, दिवा लावला, त्याच घराकडून पुढं पन तुझी सेवा करून घे. त्यांना दुसरीकडं कुठं जायाची बुद्धी देऊ नको, हितंच सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. आणि माझ्या उजव्या कानापाशी बायकोही म्हणाली.

नारळ फुटला. पाणी कातळावर पसरलं. बायको हळूच म्हणाली, "आपण काय म्हणालो आत्ता?"

अध्यक्ष खोबऱ्याचा तुकडा घेऊन माझ्याकडे आले. चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. "घ्या! आता मी कोण बोलणारा? देवासमोर होय म्हणालात तुम्ही. दोघंही. मी ऐकलं ना वहिनींचा आवाज."

"आणि तुमचा तो माणूस?"

"तो काय, पुण्याला गेला नोकरीला. मी म्हटलं, सणाच्या दिवशी कशाला तुमचा मूड घालवा."

मला वाटलं हे सगळं ठरवून केलेलं आहे. मी काकांना गाठलं. ते पायऱ्यांवर बसून चहा पीत होते.

"काका, खरं सांगा. ते वाक्य घालायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुठला वाक्य?"

"आमच्या घराबद्दलचं. दुसरीकडे जायची बुद्धी देऊ नको म्हणून."

काकांनी कप खाली ठेवला. "कुनी कशाला सांगायला हवा? माझा बापूस हेच घालायचा, मी पन हेच घालतो. तुम्ही आज पयल्यांदा ऐकलंत वाटतं?"

"दरवर्षी असतं हे?"

"दरवर्षी. तुमचा बापूस तर सगल्यात मोठ्यानं व्हय म्हनायचा."

मी तिथेच पायरीवर बसलो. लहानपणापासून प्रत्येक दसऱ्याला मी त्या कोपऱ्यात उभा राहिलो आहे. खोबऱ्यासाठी उभा राहिलो, नंतर सवयीने, नंतर चावीवाला म्हणून. दरवर्षी मी होय म्हणत आलो होतो आणि कशाला ते ऐकलं नव्हतं. वडिलांनी ऐकलं होतं की नाही, ते आता विचारता येत नाही.

"गाऱ्हाणं फिरवता येतं का?" मी विचारलं.

"येतं की. नवा मानूस उभा करा, त्याच्या घराच्या नावानं घालतो. पर मोकली जागा देवाला दाखवू नये. ते मला जमायचं नाय."

घरी आल्यावर बायकोने हातातलं खोबरं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "अलोऱ्याला ऑर्डर यायची. इथे ऑर्डर कुणी काढायची असते?" मी चावी खुंटीला लावली. "मीही म्हणाले ना," ती म्हणाली. "मला माझाच राग आलाय. तुमच्यावर रागवायची सोयच राहिली नाही." सोमवारी ती एकटीच गेली.

नवा माणूस शोधायचं मी मनावर घेतलं. पहिल्यांदा संस्थेच्याच एका सभासदाला विचारलं. तो घर बघायला आला, गल्लीची रुंदी बघितली आणि म्हणाला, माझी चारचाकी कुठे ठेवू? एका तरुण जोडप्याला घर आवडलं. त्यांना मी स्वयंपाकघरातलं दार उघडून दाखवलं. नेमकी पलीकडे तालीम चालली होती. तोंडाला अर्धा रंग लावलेला एक दैत्य आत डोकावला आणि म्हणाला, "वहिनी नाहीत का? जरा सेफ्टी पिन हवी होती." ते जोडपं परत आलं नाही. चाचांना विचारलं तर ते मोठ्याने हसले. "माझी पोरं आखातात. मीच माझ्या घराची चावी ठेवायला मानूस शोधतोय. तुमी येताव काय?"

सगळ्यांना थेटर हवं होतं. ते बंद पडावं असं एकानेही म्हटलं नाही. उलट मी जाणार हे कळल्यावर लोक मला बाजारात अडवून सांगू लागले की असं करू नका, गावाची शान आहे. एकाने तर माझा हात धरला आणि त्या छपराखाली त्याने आईबरोबर बघितलेल्या पहिल्या नाटकाची गोष्ट सांगितली. डोळे भरून आले त्याचे. मी विचारलं, "तुम्ही घेता का चावी?" त्याने हात सोडला.

मला राग लोकांचा येत नव्हता. मला भीती वाटत होती ती माझीच. मी गेलो आणि जूनमध्ये पाट तुंबला, तर पाणी किती दिवसांत कुठपर्यंत चढेल याचा हिशोब मी कागदावर नव्हे, मनात करत होतो. जांभा पाण्यात राहिला की मऊ पडतो. पूर्वेची भिंत पाटावरच उभी आहे. ती बसली की गलबताची एक बाजू बसली. दापोलीच्या घरात खाट कुठे ठेवायची याचा विचार करायला बसलो तरी दोन मिनिटांत मी त्या पाटाच्या तोंडाशी पोचलेला असायचो.

हंगामाच्या उरलेल्या तारखा ठरवायची बैठक एका रविवारी झाली. अशा बैठका रंगमंचावरच सतरंजी टाकून होतात. काकाही आले होते आणि येणार नाही म्हणालेली बायको शनिवारची आलेलीच होती. ती मागे विंगेजवळ बसली. तारखा लागल्या. अध्यक्ष म्हणाले, "झालं तर मग. चहा सांगा."

मी उठलो आणि त्या शेंदरी कोपऱ्यापाशी जाऊन हात जोडले. काय करतोय हे मला पूर्ण ठरवता आलेलं नव्हतं. मी बोलायला लागलो.

"बा देवा म्हाराजा!"

सगळ्यांचं लक्ष चहाकडे लागलं होतं, तरी उत्तर आलं. "व्हय म्हाराजा!"

"ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली आहेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"यंदाचे सगळे खेळ नीट पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्या घराने आजवर चावी सांभाळली त्या घराला आता मोकळं कर. मे अखेरीला ही चावी संस्थेच्या हातात जाऊ दे आणि आम्हाला आमच्या माणसांत जाऊ दे रे म्हाराजा!"

कुणी बोललं नाही. आठ-दहा माणसं, तोंडं अर्धी उघडी, आणि एकाचंही मिटत नव्हतं. खजिनदारांच्या ओठांवर तर "व्ह" येऊन थांबलेला मला दिसला. मग अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "नाही हो, आम्ही नाही सापडत असे! आम्ही ऐकून होय म्हणतो." सगळे हसले. सुटल्यासारखे हसले.

"व्हय म्हाराजा," बायको म्हणाली.

विंगेजवळ ती उठून उभी राहिली होती. आवाज थोडा फाटला, पण थेटराच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा. हसणं थांबलं. ती खाली बसली आणि पदर सारखा केला.

अध्यक्ष काकांकडे वळले. "काका, सांगा यांना. असं एका आवाजात गाऱ्हाणं होतं का?"

काकांनी विचार केला. त्यांना घाई नव्हती. "देवाला पुरतो का, ते मला ठाव नाय," ते म्हणाले. "नवऱ्याला पुरायला हरकत नाय."

चहा आला. अध्यक्ष म्हणाले, शिमगा होऊ दे, मग बघू.

त्या सोमवारी मी बायकोबरोबर पहाटेच्या गाडीत बसलो. बुधवारी प्रयोग होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी मला परत यायचं होतं. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे किती, दोन दिवस?" मी म्हटलं, दोन दिवस. ती खिडकीबाहेर बघत राहिली. चिपळूण गेल्यावर म्हणाली, "बरं. मग आज भाकरी जास्त थापते." मग डबा उघडून तिने अर्धी पोळी मला दिली.

आता असंच चाललं आहे. ती शनिवारी येत नाही. ज्या आठवड्यात मधे दोन दिवस प्रयोग नसेल त्या आठवड्यात मी जातो. हंगाम चांगला असला की असे दोन दिवस सापडत नाहीत, आणि यंदा हंगाम चांगला आहे. गेल्या महिन्यात मी एकदाच गेलो. मुलीने नवीन खाटेवर माझी उशी ठेवलेली आहे. ती उशी अजून कडक आहे.

परवा चाव्यांचा जुडगा कमरेला लावून स्टँडवर निघालो होतो. अध्यक्षांनी स्टँडसमोरच्या आपल्या दुकानातून हाक मारली. फणसाच्या पोळीचा तुकडा हातावर ठेवला.

"छान जमलं की हो तुमचं," ते म्हणाले. "इकडेही आणि तिकडेही. असंच चालू ठेवू."

"नाही," मी म्हटलं.

ते थांबले. "काय नाही?"

"मेचा शेवटचा प्रयोग झाला की मी पाट साफ करीन. ज्याला शिकायचं असेल त्याने तेव्हा यावं, मी हात घालून दाखवीन. मग चावी इथे आणून देईन."

"आणि मी घेतली नाही तर?"

"तर तुमच्या तराजूत ठेवीन."

ते मोठ्याने हसले आणि आणखी एक तुकडा पुढे केला. तो मी घेतला नाही. दापोलीची गाडी फलाटाला लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. मी चढलो आणि जागा मिळाली तिथे बसलो. जूनमध्ये खरोखर पाणी चढलं आणि कुणी फोन केला, तर मी तिकडेच बसून राहीन का, हे मला गाडीतही ठरवता आलं नाही. पण चावी द्यायची तारीख मी बायकोला त्याच दिवशी सांगितली. तिने ती स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहिली नाही. म्हणाली, "आधी या. मग लिहू."